गौराक्काची तिसरी पायरी

कोल्हापूरला जाऊन आले म्हटल्यावर अंबाजोगाईत सगळे दोनच गोष्टी विचारतात. चपला आणल्या का, आणि तांबडा रस्सा झेपला का? चपला आणल्या नाहीत. रस्सा एकदाच खाल्ला आणि दुसरा दिवस ताकावर काढला. पण सात दिवसांतले पाच दिवस मी एक डीपी बघण्यात घालवले, असं सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. डीपी म्हणजे तोच, एरवी दोन खांबांवर दिसणारा विजेचा ट्रान्सफॉर्मर, ज्याच्याकडे आपण लाईट गेल्याशिवाय कधी मान वर करून बघत नाही. कुणी नीट ऐकूनच घेत नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

माझी भाची पल्लवी वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता आहे. दोन वर्षांपूर्वी तिची बदली कुरुंदवाडच्या बाजूला झाली. 'मावशी, एकदा ये, नदी दाखवते,' असं ती सारखी म्हणायची. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि त्या दिवशी घरात सणासारखी धांदल असते. नदी दाखवते म्हणणारी भाची असणं ही काही लहान गोष्ट नाही. मी आयुष्यभर मुलींना शिवणकाम शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि गुडघे सोडले तर मला कुणी अडवणारं नाही. वैशाखातच निघाले.

मंगळवार पेठ

पहिला मुक्काम पल्लवीच्या मैत्रिणीच्या घरी, मंगळवार पेठेत. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि पंखा थांबला. आमच्याकडे लाईट गेली की आपण 'गेली' म्हणतो आणि पदराने वारा घेत बसतो. इथे अख्खी गल्ली बाहेर आली.

"तुमची हाय का?"

"न्हाय. तुमची?"

"आमची बी न्हाय. त्या कोपऱ्यावरच्यांची बघा की."

कोपऱ्यावरच्यांचीही नव्हती, हे कळल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. समोरचे एक गृहस्थ मला म्हणाले, "काय पावणं, कुठलं तुम्ही?" मी गाव सांगितलं. "लई लांबनं आलाय. आन् आल्या आल्या आमी अंधार दाखवला व्हय," म्हणून ते मोठ्याने हसले. बाहेर लख्ख ऊन होतं. पल्लवी मात्र हसली नाही. ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून तारांकडे बघत होती, शेतकरी ढगांकडे बघतो तशी. दहा मिनिटांत लाईट आली तेव्हा कुठे तिने चहा घेतला.

"लाईट जाणारच ग मावशी," ती म्हणाली. "फांदी पडणार, पाणी येणार. किती जणांची जाते आणि किती लवकर परत येते, एवढंच आमच्या हातात असतं."

कुरुंदवाड

कृष्णा आणि पंचगंगा जिथे भेटतात त्या बाजूला पल्लवीची खोली. पहिल्या संध्याकाळी घाटावर जाऊन बसले आणि तासभर पाणीच बघत राहिले. इतकं पाणी, आणि त्याला कुठे जायची घाई नाही. पलीकडच्या काठावर उसाची हिरवी भिंत, मधूनच एखादा बगळा उडायचा आणि पाण्यातला बगळा त्याच्या खालून उडायचा. कोणता खरा, याचा विचार करता करता माझा डोळा लागला. पायरीवर बसल्या बसल्या झोपणारी मावशी बघून पल्लवीला माझी लाज वाटली असावी. तिने मला उठवून बासुंदी खायला नेलं.

परत येताना तिने भिंती दाखवल्या. घराघरावर रंगाची आडवी रेघ. कुठे लाल, कुठे निळी, कुठे नुसती मळकट. 'पाणी इथपर्यंत होतं.' माझ्या खांद्यापर्यंत, कुठे डोक्याच्याही वर. मी त्या रेघांखालून चालत राहिले आणि मला एकदम वाटलं, आपण नदीच्या तळाशी चाललो आहोत. हे किराणा दुकान, ही सायकल, ओट्यावर लसूण सोलणारी बाई, सगळे तळाशी. पाणी तेवढं कुठेतरी गेलंय आणि सांगून गेलंय, येतो म्हणून. पुढचे सगळे दिवस ही भावना माझ्यातून गेली नाही. चांगली वाटत होती, खरं सांगायचं तर. ज्यांनी पूर बघितलाय त्यांना ती तशी वाटणार नाही, हे मला पुढे कळलं.

गाव

तिसऱ्या दिवशी पल्लवी मला तिच्या कामाच्या गावी घेऊन गेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जिच्या पायरीची ही गोष्ट, तिला विचारलेलं नाही. गावाचे दोन भाग. खालची आळी नदीकडे, वरची आळी टेकाडावर. पुरात खालची आळी बुडते, वरची कोरडी राहते. खालचे लोक जनावरं घेऊन वरच्यांकडे जातात. पण सगळ्या गावाचा डीपी खालच्या आळीच्या मागे, कारण वरच्या आळीत घराला घर चिकटलेलं, खांब रोवायलाही जागा नाही. म्हणजे पाणी आलं की डीपी बंद करावा लागतो आणि वरच्या कोरड्या आळीचीही लाईट जाते. वरच्या आळीतल्या बोअरची मोटार बंद, टाकी रिकामी. चारी बाजूंनी पाणी आणि पाव्हण्यारावळ्यांनी भरलेल्या घरांत प्यायला थेंब नाही.

मागच्या पुरात हे चार दिवस चाललं. पल्लवी तेव्हा नवीन होती. पाणी उतरल्यावर ती गावात गेली तेव्हा गौराक्का नावाच्या म्हातारीने तिला भर रस्त्यात अडवलं होतं.

"आलीस व्हय लाईटवाली? पाण्यात बसवून तहानेनं मारलंस की ग आमास्नी."

पल्लवीने तिथल्या तिथे शब्द दिला. पुढच्या पुरात वरच्या आळीच्या नळाला पाणी असेल. नोकरीत असे शब्द द्यायचे नसतात, हे तिला नंतर साहेबांनी सांगितलं. पण दिला तो दिला. गेलं वर्षभर ती त्याच्यामागे होती. इथला डीपी खांबांवर नव्हता, जमिनीलगत बसवलेला होता; त्याच्यासाठी उंच चौथरा मंजूर करून घेतला. नदीकडून येणाऱ्या तारेखेरीज मळ्याच्या बाजूने दुसरी तार आणली. आणि दोन आळ्यांच्या मधल्या खांबावर एक स्विच बसवला. चौथऱ्याच्या सळ्या बांधून झाल्या होत्या. सोमवारी काँक्रीट पडणार होतं.

मला हे नीट समजावलं ते आनंदा वायरमनने. तो गावचाच, पन्नाशीचा, मिशी पिकलेली, बोलणं हाक मारल्यासारखं.

"मावशी, शेतात दारं धरत्यात, बघितलंय न्हवं? ही सरी भरली की माती लावून बंद करायची, पाणी त्या सरीत सोडायचं. तसंच हे. खालची बुडली की खालची तोडायची, आन् मळ्याकडनं डीपीला लाईट घेऊन वरच्या आळीला सोडायची. पर डीपी कोरडा पायजे. त्येचं बूड भिजलं की समदं मुसळ केरात."

गौराक्काचं घर दोन आळ्यांच्या सीमेवर, गल्लीला लागून. ओट्यावर चढायला दगडी पायऱ्या आणि उंबऱ्याच्या चार बोटं वर भिंतीवर लाल रेघ. अख्खं गाव पुराचं माप याच घराच्या पायऱ्यांनी सांगतं. पल्लवी साइटवर गेली आणि मी सावली शोधत तिथे थांबले.

"बस की ग बाई," गौराक्का वरून ओरडली. "तिसरीवर बस, सावली हाय तितं."

मी दोन पायऱ्या चढून तिसरीवर टेकले. तिथे ऊन रणरणत होतं.

"अग तिसरीवर म्हटलं! ही न्हवं. ती खालची."

मी उठून सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले. सावली होती. म्हातारीचं मोजणं वयाने गडबडलं असेल, असं मी मनात म्हटलं आणि तिने दिलेलं दूध पिऊन तिथेच पेंगले. पुढचे दोन दिवस दुपारची ती माझी जागा झाली.

आनंदाची नाव

चौथ्या दिवशी गौराक्काने जेवायला बसवलं. कृष्णाकाठचं भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, खर्डा आणि वर घट्ट दही. आमच्याकडे वांग्यात शेंगदाण्याचं कूट मायेने घालतात, इथे मिरची रागाने. डोळ्यांतून पाणी येत असताना आनंदा पुराची गोष्ट सांगत होता.

"पाणी तिसरीला लागलं की मी खालची लाईट तोडतो. पाचवीला लागलं की माणसं वर. त्या टायमाला सातवी बी बुडाली. मी नावंतनं आलतो. तितं खालनं, नदीकडच्या गल्लीतनं. आन् मावशी, तारा तितं हाताला लागत होत्या. रोज शिडी लावून चढतो, त्या दिवशी नुसता हात वर केला. मेलेली तार. धरली हातात. लई वाईट वाटलं."

"घाबरला नाहीत?"

"भ्या कशाचं? तोडलेली मीच न्हवं का? पर वरच्या आळीतनं बायका कळशी दाखवत होत्या, रिकामी कळशी उलटी करून. काय सांगू त्यास्नी?"

मी मान वर करून तारा बघितल्या. किती उंच होत्या. तिथवर हात पोचेल एवढं पाणी, आणि पाण्यावर एक माणूस उभा, हातात मुकी तार धरून. जेवून सुस्तावलेली मी त्या चित्रात इतकी बुडाले की आनंदा काय बोलून गेला ते कानावर पडलं, डोक्यात गेलंच नाही.

ते डोक्यात गेलं दुसऱ्या दिवशी, आणि तेही गुडघ्यांनी घातलं. पल्लवीने चौथरा बघायला बोलावलं होतं. गौराक्काच्या दारातून डीपीकडे जायची वाट घरांमागून, बाभळीतून जाते. दिसायला सपाट. पण माझे गुडघे चढ सोसतात, उतार नाही. दहा पावलांतच ते बोलायला लागले. डोळे म्हणत होते सपाट, गुडघे म्हणत होते आपण खाली चाललोय. मी थांबले, मागे वळून गौराक्काच्या घराकडे बघितलं आणि सवयीने पायऱ्या मोजल्या. गुडघेदुखीवाले पायऱ्या मोजल्याशिवाय राहत नाहीत.

पाच.

मग आनंदाची सातवी कुठली बुडाली?

मी लंगडत परत गेले. "गौराक्का, पहिली पायरी कुठाय?"

ती लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. "रस्त्याच्या पोटात. दोनदा सिमिटाचा रस्ता केला न्हवं. करत्यात ते जुन्यावरच वतत्यात. दोन पायऱ्या गिळल्या की."

"मग हिला तिसरी का म्हणता?"

आता तिने माझ्याकडे बघितलं, मी खुळी असल्यासारखं. "तिसरीला तिसरी न्हाय म्हणायचं तर काय म्हणायचं? पुरल्या म्हणून काय नंबर बदलतो व्हय?"

नळीतलं पाणी

मी मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. कापड चुकीचं कापलं जातं ते आकड्यामुळे नाही, टेप कुठे टेकवला त्यामुळे. पल्लवीही सुट्टीत माझ्या वर्गात बसायची. मी तिला चौथऱ्यापाशी जाऊन विचारलं, "तू पुराचं माप कुठून धरलंस?"

"गौराक्काच्या भिंतीवरून. रस्त्यापासून रेघेपर्यंत चार फूट. पाणी त्याहून चढलं तर म्हणून वर दीड फूट जास्तीचं धरलं. साडेपाच फुटांचा चौथरा."

"रस्त्यापासून?"

"हो. का?"

मी दोन पुरलेल्या पायऱ्यांचं सांगितलं. जुने दगड, नऊ-नऊ इंचांचे. रस्ता वर आला, डीपीची जमीन जिथे होती तिथेच राहिली. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बंद होत गेला.

"मावशी, हे शिवणकाम नाही," ती म्हणाली.

मला लागलं. खोटं कशाला सांगू, खूप लागलं. चार गवंडी ऐकत होते. मी बाभळीच्या सावलीत जाऊन बसले आणि ठरवलं, उद्याच्या गाडीने परत जायचं.

थोड्या वेळाने बघते तर पल्लवी गवंड्याकडून त्याची नळी मागून घेत होती. पारदर्शक लांब नळी, तिच्यात पाणी भरतात. तिची दोन्ही टोकं कुठेही धरा, पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर उभं राहतं. आनंदाने एक टोक गौराक्काच्या लाल रेघेला लावलं. नळी पुरेना, म्हणून मध्ये बाभळीच्या खोडावर खूण करून दुसऱ्या टप्प्यात ती डीपीपर्यंत आणली. पल्लवीने दुसरं टोक चौथऱ्याच्या सळईला धरलं आणि हळूहळू वर नेऊ लागली. तिच्या कमरेपाशी पाणी थांबेना. छातीपाशी थांबेना. लांबून पंपाची घरघर तेवढी येत होती. पल्लवीचे हात कपाळाच्याही वर गेले तेव्हा नळीतलं पाणी डुललं आणि स्थिर झालं.

मागच्या पुराचं पाणी तिथे उभं होतं. बोटभर नळीत, पण तेच. त्या क्षणी मला सगळीकडे ते दिसलं, बाभळींच्या शेंड्यांखाली, गवंड्यांच्या पागोट्यांवर, माझ्या डोक्यावर, शांत आणि पिवळसर. आणि मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

गवंड्याने टेप लावला. जमिनीपासून साडेपाच फूट. चौथऱ्याच्या माथ्याला बरोबर टेकलेलं. तिने जास्तीचं धरलेलं दीड फूट त्या दोन पायऱ्यांनी खाल्लं होतं.

पल्लवी खाली बसली. "वर्षभर हिंडले या गावात. मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

आनंदा डोकं खाजवत म्हणाला, "म्याडम, तुमी शिकलेल्या. तुमास्नी समदी फुटात सांगायची. पायरीत कोण सांगणार?"

फोन करताना ती आमच्यापासून लांब गेली नाही. साहेबांना तिने सरळ सांगितलं, "सर, माप माझं चुकलंय. आणखी दोन फूट लागतील." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. काम आता पावसाळ्यानंतर करा, असं एक वाक्य मलाही ऐकू आलं. पल्लवी म्हणाली, "नाही सर. पाऊस थांबणार नाही. गवंडी इथेच आहेत, सळ्या इथेच आहेत. चूक माझी आहे, मी लेखी देते. पण हे याच आठवड्यात होऊ द्या." मी गाडीचा विचार सोडून दिला.

होकार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर ती जेवली नव्हती. मग गौराक्काच्या दारात खालच्या पायरीवर बसून तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. जाताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मावशी, ते शिवणकामाचं..." मी म्हटलं, भाकरी खाल्लीस ना, झालं. निघायच्या दिवशी सळ्यांना जोड द्यायचं काम चाललं होतं. काँक्रीट पडताना मी नव्हते.

अंबाजोगाई

हे सगळं लिहायला घेतलं ते श्रावणात. तिकडे नद्या फुगल्याच्या बातम्या येत होत्या आणि पल्लवीचा फोन लागत नव्हता. आमच्याकडे आभाळ नुसतं भरून यायचं. मी दिवसातून चारदा बघायचे की आपली लाईट आहे का, जणू ती दोघींची एकच होती.

काल सकाळी फोन वाजला. आमची लाईट नेमकी गेलेली, मी पदराने वारा घेत बसलेले.

"मावशी, सातवी बुडाली. लाल रेघेच्या वीतभर वर आहे पाणी." पल्लवीचा आवाज बसलेला होता. "मी वरच्या आळीत आहे, शाळेत. खालची तोडली, मळ्याकडची सोडली."

"डीपी?"

"कोरडा."

जुन्या मापाचा चौथरा या घटकेला वीतभर पाण्याखाली असता. ती काहीतरी सांगत होती, एवढ्यात कुणीतरी फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि माझ्या कानात गौराक्का गरजली.

"ए बाई! तुज्या भाचीला काय कळतंय का न्हाय? सकाळपास्नं टाकी भरून सांडायलीया! हितं मेलं काय कमी पाणी हाय व्हय? बंद करायला सांग की ती मोटार!"

मी हो म्हटलं. फोन तसाच चालू होता. तिकडे सिमेंटवर पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि मी तो ऐकत बसले.